धावतें वर्णन आणि खानदेश

डोळा आणि कान यांत चार बोटांचें अंतर, अशी आपल्याकडे म्हण आहे. पाहिलेलें तें खरें आणि ऐकलेलें तें पारखून घ्यावें, असा तिचा भावार्थ. व्यवहारांत ती पुष्कळदां उपयोगी पडते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु क्रिकेटच्या खेळापुरतें बोलावयाचें तर खानदेशानें सुमारें अर्धें शतक ही म्हण बाजूस ठेविली. जळगांव, धुळें, अमळनेर, भुसावळ, चाळीसगांव येथील दोन-तीन पिढ्यांनीं ज्या मोठ्या सामन्यांसाठीं हातांतलीं कामें दूर सारलीं, ज्यांच्यावरून वाद घातले आणि ज्यांतील खेळाडूंच्या लकबी पुढें आपल्या मुलाबाळांस सांगितल्या, ते सामने त्यांनीं पाहिलेले नव्हते, ऐकलेले होते. खेळाचा इतिहास लिहितांना खेळणाराच्या धावा मोजतात, फार तर मैदानावरील गर्दी मोजतात. घरीं कान देऊन बसलेल्या माणसाच्या नांवावर एकही धाव जमा होत नाहीं. त्याचा हिशेब येथें थोडक्यांत मांडावा, असा आमचा विचार आहे.

या प्रांताची भौगोलिक स्थितीच अशी, कीं मोठा खेळ त्याच्या वांट्यास डोळ्यांनीं यावयाचा नव्हता. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. जळगांव मुंबईपासून रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर. धुळें तर मुख्य लोहमार्गाच्याही बाजूस. तेथल्या माणसानें फांट्याच्या गाडीनें चाळीसगांवास यावें आणि मग मुंबईची गाडी धरावी. क्रिकेटच्या कारभारांत हे जिल्हे महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रांत मोडतात. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें ज्या संघानें रणजी करंडक जिंकला, तो संघ या नात्यानें खानदेशाचाही म्हणावयाचा. पण त्याचें घर पुण्यास. कसोटी सामना आजतागायत ना जळगांवास झाला, ना धुळ्यास. त्यांतून कापसाची वेचणी आणि क्रिकेटचा हंगाम हीं दोन्ही हिवाळ्यांतच येतात. पंचरंगी सामन्यांसाठीं आठवडाभर मुंबईंत जाऊन राहणें एखाद्या वकिलास किंवा डॉक्टरास जमलें तर जमे; शेतकऱ्याच्या मनांतही तें येत नसे. राहिलें वर्तमानपत्र. तें मुंबईहून येऊन हातीं पडेपर्यंत सामन्याचा तो दिवस संपून गेलेला असे. आधीं निकाल, आणि मग तो कसा घडला याची हकीकत, असा वाचकाचा क्रम.

धावत्या वर्णनाचा विषय निघाला कीं संजय आणि धृतराष्ट्र यांची उपमा हटकून दिली जाते. ती सुंदर आहे, पण पुरती लागू पडत नाहीं. भीष्मपर्वांत संजय रणभूमीवरून परत येतो तो प्रथम भीष्म पडल्याची वार्ता सांगतो, आणि मग राजाच्या विचारण्यावरून युद्धाचा वृत्तांत आरंभापासून कथन करूं लागतो. दहा दिवसांच्या लढाईचा शेवट श्रोत्यास आधींच कळलेला आहे. भगवद्गीताही या मागाहून सांगितलेल्या वृत्तांताचाच भाग आहे. या अर्थानें धृतराष्ट्र वर्तमानपत्राच्या वाचकाचा पूर्वज ठरतो. नभोवाणीच्या श्रोत्यास जें मिळालें तें त्यासही मिळालें नव्हतें. पुढच्या चेंडूवर काय होणार हें सांगणारास ठाऊक नाहीं आणि ऐकणारासही नाहीं, अशी ही नवी अवस्था होती. स्थळाचें अंतर होतें तेवढेंच राहिलें, काळाचें मात्र मिटलें. खेळाचा प्राण अनिश्चिततेंत असतो, आणि ती अनिश्चितता ४२० किलोमीटरांवर जशीच्या तशी पोंचविणें ही या यंत्राची खरी कामगिरी होय.

खानदेशाचा कान या कामास नवखा नव्हता, हेंही येथें सांगितलें पाहिजे. यात्रेंतील कुस्त्यांच्या फडांत मागच्या माणसास मल्ल दिसत नाहींत; पण हलगीची लय चढली कीं झुंज रंगात आली हें त्यास न पाहतां कळतें. जळगांवाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनीं ऐकून उतरून ठेविल्या, म्हणून १९५२ सालीं त्या पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आल्या. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं. तीं साने गुरुजींनीं ऐकतां ऐकतां लिहून घेतलीं आणि त्यांतून 'गीताप्रवचनें' हा ग्रंथ सिद्ध झाला. वक्ता थोर होता यांत शंका नाहीं. परंतु ऐकणारा तशा योग्यतेचा नसता तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेले असते. ऐकणें हेंही एक कर्तृत्व आहे, हें पटविण्यास खानदेशास दूरचें उदाहरण शोधावें लागत नाहीं.

धावत्या वर्णनाची कला मात्र बाहेरून आली. क्रिकेटच्या सामन्याचें वर्णन नभोवाणीवरून प्रथम झालें तें १९२२ सालीं, ऑस्ट्रेलियांत, सिडनी येथें. इंग्लंडांत १५ जानेवारी १९२७ रोजीं ट्विकनहॅमच्या मैदानावरून टेडी वेकलॅम यांनीं रग्बीच्या सामन्याचें वर्णन केलें. त्या वेळची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. असें काम पूर्वीं कोणी केलेलें नसल्यामुळें बोलावें कसें हाच प्रश्न होता, तेव्हां बी.बी.सी.च्या चालकांनीं एका अंध गृहस्थास वेकलॅम यांच्याजवळ आणून बसविलें, आणि सारा खेळ या एकट्यास समजावून सांगावा अशी सूचना केली. या कलेचा पहिला धडा असा अंध श्रोत्यापुढें गिरविला गेला आहे. त्याच महिन्यांत फुटबॉलच्या सामन्यासाठीं मैदानाचे चौकोन पाडून, त्यांस अंक देऊन, तो नकाशा छापून काढण्यांत आला. श्रोत्यानें नकाशा मांडीवर घ्यावा आणि चेंडू कितव्या चौकोनांत आहे हें ऐकत जावें, अशी ती योजना होती.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि १९३६ सालीं सरकारी खात्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. या दोहोंच्या दरम्यान, १९३४ सालीं, ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं मुंबईच्या चौरंगी सामन्यांचें वर्णन करून आपल्या देशांत या कलेचा पाया घातला. उपाहाराची आणि चहाची सुटी वगळतां दिवसभर ते एकटेच बोलत. ध्वनिक्षेपक दुसऱ्याशीं वांटून घेणें त्यांस मानवत नसे. सबंध दिवसाचा खेळ एकाच कंठांतून ऐकल्यामुळें श्रोत्यास त्या आवाजाची इतकी ओळख होई, कीं वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्यांतील चढ-उतारावरून झेल घेतला गेला कीं सुटला हें समजावें.

पण ती वाणी इंग्रजी होती. या इतिहासांतील खरा प्रश्न खानदेशाच्या दृष्टीनें येथेंच उभा राहतो. त्या काळीं रेडिओचा संच महाग, तो बाळगण्यास परवाना लागे, आणि वीज शहराबाहेर क्वचित्‌च. म्हणून संच असत ते वकिलाकडे, डॉक्टराकडे, गिरणीच्या मालकाकडे, भुसावळास रेल्वेच्या अधिकाऱ्याकडे. संचाजवळ जमलेल्यांतही इंग्रजी भराभर समजणारा एखादाच. तो ऐके आणि बाकीच्यांस मराठींत सांगे. त्यांतलें कांहीं उचलून ओट्यावरचा माणूस पलीकडच्यास अहिराणींत सांगे. एका चेंडूस असा तीन भाषांचा प्रवास घडे. मधल्या माणसास वेळ अपुरा पडे, कारण त्याचें सांगून होईतों पुढचा चेंडू पडलेला असे. मग तो वर्णन गाळी आणि तात्पर्य ठेवी : चार धावा, दोन धावा, गेला. आंतल्यास खेळ मिळे, ओट्यावरच्यास निकाल. नभोवाणीनें काळाचें अंतर मिटविलें असें आम्हीं वर म्हटलें. तें ओट्यावर येऊन पुन्हा उभें राही, आणि या वेळीं त्याचें कारण किलोमीटर नसत, शाळेंतील इयत्ता असत.

हें अंतर तोडलें तें मराठी धावत्या वर्णनानें. पुण्याचे बाळ ज. पंडित हे त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात. स्वतः क्रिकेट खेळलेले आणि खेळावर मराठींत विपुल लिहिलेले असे ते गृहस्थ २०१५ सालीं निवर्तले. वि. वि. करमरकर यांच्यासारख्या क्रीडापत्रकारांनींही हें काम केलें. मराठींत हा खेळ सांगावयाचा म्हणजे शब्द पाहिजेत. ते कोणा एकानें घडविले असें नाहीं. वर्तमानपत्रांच्या लेखकांचाही त्यांत हात आहे. पण छापलेला शब्द ऐन घटकेस उच्चारून, दिवसांतून शेंकडों वेळां कानांवर घालून तो चालता करणें हें नभोवाणीचेंच काम होय.

या शब्दांकडे जरा निरखून पाहावें. 'गोलंदाज' हा जुन्या मराठी फौजेच्या तोफखान्यांतला. तोफ डागणारा तो गोलंदाज. 'चीत' हा तालमींतला. पाठ मातीस लागली कीं मल्ल चीत झाला. त्यावरून पायचीत, धावचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत. 'डाव' हा सोंगट्यांचा, पत्त्यांचा आणि कुस्तीचाही. इंग्रजींतील बोल्ड, स्टंप्ड आणि रन आउट हे शब्द एकमेकांस ओळखत नाहींत. मराठींत ते एका कुळांतले भाऊ झाले. ज्याच्या गांवच्या यात्रेंत कुस्त्यांचा फड लागतो, त्यास 'चीत' म्हणतांच माणूस हरला हें कळलें, आणि कशानें हरला तें त्याच्या आधींच्या पदानें सांगितलें. शब्दकोश उघडावा लागला नाहीं. स्लिप, गली हीं नांवें तशींच राहिलीं, त्यांचेंही कांहीं बिघडलें नाहीं. अशा रीतीनें रावेर-यावलचा केळीचा बागाईतदार, जळगांवच्या जिनांतला कामगार आणि ज्या गृहिणीस इंग्रजी शाळेची पायरी चढतां आली नव्हती ती, या सर्वांस मधल्या माणसावांचून खेळ मिळूं लागला. शेजारच्या इंदूरचे सुशील दोशी यांचें हिंदी वर्णनही खानदेशाच्या कानांस परकें नव्हतें. भाषा बदलली तेव्हां क्रिकेटचा मालक बदलला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ट्रँझिस्टरनें उरलेलें काम केलें. दिवाणखान्यांतला संच शेताच्या बांधावर आणि चहाच्या दुकानांत गेला. १९७१ च्या ऑगस्टमध्यें ओव्हलच्या कसोटींत चंद्रशेखर यांनीं ३८ धावांत ६ गडी बाद केले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला, आणि २४ तारखेस भारतानें १७३ धावांचें लक्ष्य गांठून सामना ४ गडी राखून जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा तो पहिला मालिकाविजय. त्या दिवशीं गणेशचतुर्थी होती. तेथें आपल्या लोकांनीं प्राणिसंग्रहालयांतून एक हत्तीण मैदानावर आणिली होती. येथें ज्यांनीं बी.बी.सी.च्या लघुलहरी धरल्या होत्या, त्यांच्या घरांत गणपति समोर बसलेला होता. चार वर्षांनीं, १५ मार्च १९७५ रोजीं, क्वालालंपूर येथें हॉकीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारतानें पाकिस्तानविरुद्ध २-१ असा जिंकला. त्याचें जसदेव सिंह यांनीं केलेलें हिंदी वर्णन त्या पिढीच्या स्मरणांतून गेलेलें नाहीं. मुंबईस दूरचित्रवाणी १९७२ सालीं सुरू झाली होती. पण तिचा पल्ला तेव्हां खानदेशापर्यंत नव्हता. ज्या वर्षांत मुंबईकर पाहूं लागला, त्याच वर्षांत खानदेशी श्रोत्याचा कान सर्वांत तयार झालेला होता.

आतां कोणी अशी शंका घेईल, कीं दिसत नव्हतें म्हणून ऐकलें, यांत गुण तो कोणता? या शंकेस उत्तर आहे. ऐकणारास मैदान स्वतःच्या डोक्यांत मांडावें लागतें. फलंदाज डावखुरा आला कीं सारें क्षेत्र उलटें करावें लागतें. षटक संपलें कीं टोक बदलावें लागतें. वारा कोणत्या बाजूचा आणि खेळपट्टी कोठें उखडली आहे, हें सकाळीं ऐकलेलें दुपारपर्यंत धरून ठेवावें लागतें. पुष्कळ घरांतून वहीवर धावफलक लिहिला जाई तो यासाठींच. शिवाय कानास कांहीं गोष्टी डोळ्याआधीं कळतात. शब्दापूर्वीं गर्दीचा गजर येतो, आणि त्या दोहोंमधील निमिषांत श्रोता जितका जागा असतो तितका प्रेक्षक क्वचित्‌च असेल. तिसरी गोष्ट काळाची. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत विजय हजारे यांनीं संघाच्या ३८७ धावांपैकीं एकट्यानें ३०९ काढल्या. त्यांचे बंधु विवेक यांनीं ३०० धावांच्या भागींत केवळ २१ केल्या. त्या २१ धावांचें मोल छापील फलकावर दिसत नाहीं. टिकून राहण्याची किंमत तो काळ स्वतः सोसल्यावांचून कळत नाहीं, आणि चेंडूमागून चेंडू ऐकणारा तो काळ सोसतो.

कान फसतो, हाही आक्षेप खरा आहे. १९३८ सालीं ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडांत खेळत असतां सिडनीच्या एका खोलींत बसून तारांच्या आधारें त्या सामन्यांचें 'धावतें' वर्णन केलें जाई, आणि बॅटीचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढीत. श्रोत्यांनीं तें गोड मानून घेतलें. वर्णनकार पक्षपाती असला, आळशी असला, किंवा मागच्या चेंडूवर भाष्य करण्याच्या भरांत पुढचा विसरला, तर श्रोत्यास दाद मागावयास जागा नाहीं. म्हणूनच या कलेंत प्रामाणिकपणास चातुर्याहून अधिक मोल आहे. ज्यास ताडून पाहतां येत नाहीं त्याच्याशीं खरें बोलणें, हें तिचें पहिलें व्रत.

आणि या व्रताची आज कोणास गरज आहे, हें पाहिलें म्हणजे हा विषय नुसत्या आठवणींचा राहत नाहीं. आतां सामना घरोघर पडद्यावर दिसतो. आय.पी.एल.चे सामने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मराठी वर्णनासह मिळूं लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पडद्याजवळ बसून बोलणारास चेंडू कोठें गेला हें सांगण्याचें कारण उरत नाहीं, तो दिसतोच. तो विनोद करितो, जुन्या गोष्टी काढितो, खेळाडूंचें कौतुक करितो, आणि चेंडू सीमारेषेबाहेर गेला तर नुसता उद्गार काढितो. डोळसास एवढें पुरतें. ज्यास दृष्टि नाहीं त्याच्यापुढें मात्र मैदान काळोखांत जातें. पूर्वीं नभोवाणीच्या संचाभोंवतीं डोळस आणि अंध एका पंक्तीस बसत. दोघांसही सारखेंच दिसे, म्हणजे सारखेंच ऐकूं येई. पडद्यानें ती पंक्ति मोडली.

आणि अंधांस या खेळाचें प्रेम कमी आहे असें नाहीं. सिडनींत पहिलें वर्णन झालें त्याच १९२२ सालीं मेलबर्न येथें एका कारखान्यांतील अंध कामगारांनीं पत्र्याच्या डब्यांत खडे घालून त्याचा चेंडू केला आणि क्रिकेट सुरू केलें. आज तो चेंडू कठीण प्लास्टिकचा असतो, आंत धातूच्या गोळ्या खुळखुळतात. गोलंदाज आधीं 'तयार?' म्हणून विचारतो, होकार आल्यावरच चेंडू जमिनीलगत टाकतो, आणि फलंदाज आवाजावर फटका मारितो. अकरांत निदान चौघे पूर्ण अंध असावे लागतात. १९९८ सालीं त्यांची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीस झाली. जे कानानें खेळूं शकतात त्यांस कानानें पाहूं द्यावयाचें नाहीं, हा कोठला न्याय?

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे, कीं पडद्यावरील वर्णनाच्या जोडीस, केवळ ऐकणारासाठीं केलेलें मराठी धावतें वर्णन हें स्वतंत्र कार्य समजून जोपासलें जावें. त्याची भाषा तयार आहे, त्याची परंपरा आहे, आणि तें कसें करावें याचा कित्ता १९२७ सालींच घालून दिलेला आहे : जवळ एक न पाहणारा माणूस बसला आहे असें समजावें, आणि त्यास सांगावें.